दुधाळ पाण्याचा हिशेब

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौक हे आम्हा मराठी मंडळींचे भेटीगाठींचे जुने ठिकाण. संध्याकाळी टावरच्या घड्याळाखाली उभे राहावे, तर अर्ध्या तासात निदान दोन तरी ओळखीचे चेहरे भेटतात, आणि शिक्षकाचा पेशा असला म्हणजे त्यातला एक हमखास माजी विद्यार्थी असतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस असाच एक भेटला. चाळिशीचा गृहस्थ, मक्सी रोडच्या बाजूला त्याचा छोटासा कारखाना आहे. तीन लेथ, एक मिलिंग मशीन आणि चार कामगार. वाकून नमस्कार केला, चहा मागवला आणि ग्लास हातात घेताना तो त्याने बोटांच्या टोकांनीच धरला. मी पाहिले तर दोन्ही हातांची कातडी चिरलेली, बोटांच्या बेचक्या लाल झालेल्या, मनगटापर्यंत बारीक फोड.

“अरे, हे काय? नायटा आहे का? डॉक्टरांना दाखवलेस?”

“दाखवलं सर. नायटा नाही. कूलंटानं झालंय. माझं तर काय, मी मालक, दोन दिवस हात बांधून बसेन. पण एक पोरगा याच कारणानं काम सोडून गेला. चांगला टर्नर होता. जाताना त्याची आई म्हणाली, आमच्या पोराचे हात खराब केलेत तुम्ही.”

हे शेवटचे वाक्य सांगताना त्याचा आवाज खाली गेला. हा मुलगा शाळेत गणितात हुशार होता. आणि सारा घोटाळा शेवटी गणिताचाच निघाला. म्हणूनच तो येथे सांगावासा वाटतो. आपल्या मराठी घरांतील किती मुले आज इंदूर, देवास, पीथमपूर, बडोदा, भोपाळ इथल्या यंत्रांपुढे आठ आठ तास उभी असतात, हे वाचकांना सांगायला नको. घरी आलेल्या मुलाच्या कपड्यांना कसला वास येतो आणि त्याचे हात कशाने फाटतात, हे त्याच्या आईला आणि पत्नीला ठाऊक असणे बरे.

कौटुंबिक मासिकात लेथ मशीनचे काय काम, असे कोणी विचारील. तर मराठी कौटुंबिक मासिकाची एक शाखा कारखान्याच्या अंगणातच रुजली आहे, याची आठवण द्यावी लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. तेथील कारखान्याचे मुखपत्र म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, आणि नांगर व यंत्रे यांच्या त्या खबरपत्रातूनच पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके महाराष्ट्राच्या माजघरात पोचली. माझ्या ह्या विद्यार्थ्याकडील सर्वांत जुने लेथ तेवढे योगायोगाने त्याच घराण्याच्या हरिहर येथील कारखान्यात, म्हणजे १९४१ साली सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करमध्ये घडलेले. त्याचे वडील येथल्या एका कापडगिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी ते जुन्यात विकत घेतले होते. आमच्या भाषेत कातारी आणि कातणे हे शब्द लाकूड फिरवून घडवण्याच्या ह्याच क्रियेचे. हत्यार स्थिर आणि वस्तू फिरती, हे तत्त्व कातऱ्याच्या खेळण्यांत आणि पोलादी आसात एकच.

फरक आहे तो उष्णतेचा. पोलाद कापताना यंत्र जेवढी शक्ती खर्च करते, तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. ती कीस, हत्यार आणि वस्तू यांच्यात वाटली जाते. हत्याराची धार तापून बोथट होते, वस्तू तापून फुगते आणि तापलेली असताना बरोबर भरलेले माप थंड झाल्यावर कमी भरते. म्हणून धारेवर पाणी सोडायचे. फ्रेडरिक टेलर ह्या अमेरिकन इंजिनियरने १८८० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात प्रयोग करून दाखवले, की धारेजवळ पाण्याचा भरपूर लोट सोडला तर कापण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढवता येतो. १९०६ साली त्याने हे आपल्या प्रदीर्घ निबंधात मांडले. पण नुसत्या पाण्याने यंत्र गंजते. म्हणून तो पाण्यात सोडा मिसळत असे. पाण्याचा गुण उष्णता वाहून नेण्याचा. तितक्याच वजनाच्या तेलापेक्षा ते दुपटीहून अधिक उष्णता नेते. तेलाचा गुण घर्षण कमी करण्याचा आणि लोखंडावर पातळ कवच धरून गंज रोखण्याचा. दोघांचे गुण एकत्र हवेत, आणि पाण्यात तेल तर मिसळत नाही. ती अडचण साबणासारख्या मध्यस्थ द्रव्याने सोडवली. त्या मध्यस्थासह येणारे तेल म्हणजे कारखान्यातले ‘सोल्युबल ऑइल’. नाव फसवे आहे. ते विरघळत नाही, सूक्ष्म थेंब होऊन पाण्यात तरंगत राहते, आणि त्या थेंबांमुळे पाणी दुधासारखे पांढरे दिसते. दुधातली साय अशीच तरंगते.

दुधाची उपमा आणखी थोडी पुढे नेता येते. दूध म्हणजे पाण्यात स्निग्धाचे थेंब. लोणी म्हणजे त्याच्या उलट, स्निग्धात पाण्याचे थेंब. घुसळता घुसळता एका क्षणी व्यवस्था उलटते आणि लोणी वर येते, हे आपल्या घरातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. कूलंट करताना तेलाच्या डब्यात पाणी ओतले तर हीच उलटी व्यवस्था होते, घट्ट गोळे बनतात आणि मग कितीही ढवळले तरी ते नीट फुटत नाहीत. म्हणून नियम असा की आधी पाणी, मग ढवळत ढवळत बारीक धारेने तेल. माझ्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात पोरे पाच लिटरचा डबा थेट टाकीत उपडा करीत, तेही लेथ बंद असताना.

पण मुख्य घोटाळा त्याहून निराळा होता. सामान्य लेथकामाला पाण्यात साधारण ५ टक्के तेल पुरते. अवघड धातूला, आटे पाडायला आठ-दहा टक्क्यांपर्यंत जातात. काय घ्यावे ते तेलाच्या डब्यावर उत्पादकाने लिहिलेले असते. मालकाला वाटे, एकदा ५ टक्क्यांचे करून टाकी भरली की काम झाले; उतरेल तेवढे भरत राहावे. आता गंमत अशी, की टाकीतला द्रव दोन वाटांनी कमी होतो आणि त्या दोन वाटांचा हिशेब एक नाही. एक वाट उन्हाची. माळव्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली पाणी उडून जाते आणि तेल मागे राहते. दुसरी वाट किसाची. लोखंडाचा ओला कीस फावड्याने उचलून बाहेर टाकला की त्याच्या अंगाला चिकटलेले पाणी आणि तेल दोन्ही जातात. घडलेली वस्तूही आपल्याबरोबर थोडे घेऊन जाते.

मी त्याला चहाच्या दुकानातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गणित मांडून दाखवले. समज, टाकी १०० लिटरची, तीत ५ लिटर तेल. आठवड्यात २० लिटर पाणी नुसते उडून गेले. उरले ८० लिटर, तेल पाचच. म्हणजे प्रमाण झाले सव्वासहा टक्के. तू जुन्याच मापाने, ५ टक्क्यांचे २० लिटर करून ओतलेस. त्यात एक लिटर तेल आले. आता टाकीत ६ टक्के. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, ७ टक्के. महिनाभरात ९. तू एकदाही चुकीचे माप घेतले नाहीस आणि तरी जवळजवळ दुप्पट झाले! उलट पोरांनी आळसाने नुसतेच पाणी ओतले आणि कीस भरपूर निघत असला, तर पाहा. आठवड्याला १० लिटर उडाले, १० लिटर किसाबरोबर गेले, आणि तू २० लिटर कोरे पाणी ओतलेस. उडालेल्याने तेल नेले नाही, पण किसाने अर्धा लिटरभर नेले. महिन्याच्या शेवटी ५ चे सव्वातीनच्या आसपास येतात.

“म्हणजे सर, दोन्ही पद्धती चूक?”

“दोन्ही चूक. पण त्याहून मोठी चूक म्हणजे न मोजणे.”

त्याच्याकडे दोन्ही गोष्टी पाळीपाळीने झाल्या होत्या. हिवाळ्यात नुसते पाणी ओतून ओतून द्रव इतका पातळ झाला, की एका मोठ्या कारखान्यासाठी घडवलेल्या आसांवर दोन दिवसांत तांबूस ठिपके आले आणि सगळा माल परत आला. त्या फटक्याने घाबरून त्याने हुकूम सोडला, की यापुढे तेलात काटकसर नको. मग उन्हाळाभर पोरांनी हात सैल सोडला. टाकीवर फेस येऊ लागला, यंत्राच्या सरकपट्ट्या चिकट झाल्या, आणि पावसाळा लागेपर्यंत हात फुटले.

हातांचे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या कातडीवर निसर्गाने एक स्निग्ध थर दिलेला आहे आणि कातडी स्वभावतः किंचित आम्ल असते. कूलंट मात्र, गंज धरू नये म्हणून, मुद्दाम अल्कधर्मी, नऊच्या आसपास पीएचचे ठेवलेले असते. शिवाय त्यातले मध्यस्थ द्रव्य हे साबणाचेच भावंड. ते हातावरचा स्निग्ध थर धुऊन नेते. प्रमाण वाढले की हे अधिक वेगाने होते. वर किसाचे सूक्ष्म कण कातडीला ओरखडे काढतात. सडू नये म्हणून घातलेली औषधे काहींच्या अंगाला सोसत नाहीत, ती गोष्ट वेगळी. आणि मग संध्याकाळी आमची मुले हात कशाने धुतात? रॉकेलने किंवा पेट्रोलने! उरलासुरला थरही जातो. साधे पाणी, सौम्य साबण, हात कोरडे पुसणे आणि रात्री एखादे साधे मलम, एवढे घरच्यांनी लक्ष घालून करवले तर पुष्कळ फरक पडतो. हातमोजे घाल म्हणून मात्र कोणी आग्रह धरू नये. फिरत्या लेथच्या चकात हातमोजा अडकला तर तो हातासकट ओढला जातो.

ह्याच विषयातली आणखी एक गोष्ट घाईने सांगून टाकतो. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये गंजरोधक म्हणून नायट्राइट घालीत. त्यातल्या अमाइन जातीच्या द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन कर्करोगाला कारण होऊ शकणारे पदार्थ बनतात, असे आढळल्यावर अमेरिकेत १९८४ साली अशा मिश्रणांवर बंदी आली. खुल्या बाजारात बिननावाच्या डब्यातले स्वस्त तेल घेणाऱ्याने आत काय आहे, हे निदान विचारावे.

पातळ द्रवाचा त्रास निराळा. तो नाकाला कळतो. तेलाबरोबर येणारी संरक्षक द्रव्येही पातळ होतात आणि जिवाणूंना रान मोकळे मिळते. त्यात यंत्राच्या सरकपट्ट्यांना दिलेले वंगण गळून टाकीवर तवंग धरते. रविवारी यंत्रे बंद. तवंगाखाली हवा पोचत नाही, आणि जे जिवाणू हवेवाचून जगतात ते सल्फेटाचा हायड्रोजन सल्फाइड करतात. सोमवारी सकाळी कुलूप उघडले की कुजक्या अंड्यांची दुर्गंधी! पुढे द्रवाचा पीएच उतरतो, गंज वाढतो, तेल-पाणी फाटते. उपाय फार अवघड नाहीत. तवंग काढून टाकावा, तळाचा गाळ उपसावा, सुटीच्या दिवशीही थोडा वेळ पंप चालवून द्रव खेळता ठेवावा. आणि टाकीत थुंकू नये. हे मला लिहावे लागते याचा संकोच वाटतो. पण गुटख्याच्या पिचकाऱ्या, चहाचे उरलेले घोट आणि बिडीची थोटके त्या टाकीत पडतात, हे मी स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहिले आहे. कारखान्यातला कामगार आपल्या हातांवर दिवसभर वाहणाऱ्या पाण्यातच थुंकतो, याला अडाणीपणा म्हणावे की त्याला कोणी काही सांगितलेच नाही म्हणावे?

आता मोजायचे कसे? नुसत्या पाहण्याने तीन टक्के आणि नऊ टक्के सारखेच पांढरे दिसतात. बोटांत चोळून सांगणारे मिस्त्री असतात, पण ते बहुधा स्वतःच्या बोटांच्या चिकटपणाचे वर्णन करीत असतात. पूर्वी नमुन्यात आम्ल घालून, द्रव फाडून, अंकित नळीत वर आलेला तेलाचा थर मोजीत. हल्ली त्यासाठी वीतभर लांबीचे एक नळीवजा यंत्र मिळते, रिफ्रॅक्टोमीटर. पाण्याच्या पेल्यातली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते, कारण पाण्यात शिरताना प्रकाशाची वाट वाकते. पाण्यात दुसरे काही मिसळले की ती किती वाकते ते बदलते. यंत्राच्या काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचे, उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. निळ्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ ज्या आकड्यावर येते तो वाचायचा. आधी कोऱ्या पाण्याने रेघ शून्यावर आणून घ्यावी.

हे यंत्र कोल्हापूरच्या किंवा प्रवरेच्या बाजूला ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना नवे नाही. ऊस तोडणीला आला की नाही, ते त्याच्या रसाचे दोन थेंब ह्याच यंत्रात घालून पाहतात. द्राक्षवाले नाशिकला तेच करतात. त्यावरचा आकडा ‘ब्रिक्स’ म्हणजे शंभर भाग वजनात साखर किती भाग, याचा. आणि येथेच एक खाच आहे. आकडे साखरेचे, टाकीत तेल! म्हणून आलेल्या आकड्याला तेलाच्या उत्पादकाने दिलेल्या गुणकाने गुणावे लागते. गुणक दीड असेल आणि रेघ चारवर आली असेल तर प्रमाण ४ नव्हे, ६ टक्के. माझ्या विद्यार्थ्याने हे यंत्र मागवले, एका चांगल्या बुटांच्या जोडीच्या किमतीत आले, आणि पहिल्याच दिवशी गुणक विसरून त्याने सहा टक्क्यांचा द्रव चारचा समजून त्यात आणखी तेल ओतले. मी जरा रागावलोच. शाळेत एकक न लिहिल्याबद्दल त्याचे गुण कापले होते, ते त्याला आठवले की नाही कोण जाणे, मला आठवले.

ज्या गावात सवाई जयसिंहाने वेधशाळा बांधली, जिचा १९२३ साली शिंदे सरकारने जीर्णोद्धार केला आणि जेथे गोविंद सदाशिव आपट्यांसारखा ज्योतिर्गणिती सूर्याच्या सावलीचे सूक्ष्म माप घेत बसला, त्या गावात पाण्यातले तेल अंदाजाने ओतावे, हे मला खटकते. असो.

मापानंतरचे गणित सोपे. टाकीत ८० लिटर द्रव आहे आणि तो ३ टक्के भरला, तर तेल झाले २.४ लिटर. पाच टक्के करायला साधारण पावणेदोन लिटर तेल हवे. ते टाकीत उपडे न करता बादलीभर पाण्यात आधी फेटून घालावे आणि पंप चालू ठेवावा. प्रमाण जास्त भरले तर नुसते पाणी. एरवी रोज उतरेल तेवढे भरण्यासाठी टाकीतल्यापेक्षा पातळ, एक ते दोन टक्क्यांचे मिश्रण वेगळ्या पिंपात तयार ठेवावे. कारण उडाले आहे ते बहुतांशी पाणी. दर सोमवारी माप घ्यावे आणि वहीत लिहावे: तारीख, आकडा, किती लिटर काय ओतले. चार आठवड्यांत त्या त्या यंत्राची खोड कळते. ह्या वहीचे काम त्याने आपल्या पत्नीकडे दिले. हिशेब तीच पाहते. ती वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, आणि एका सोमवारी आकडा लिहिलेला नव्हता म्हणून तिने तेलाचे बिल अडवून धरले, असे तो मोठ्या कौतुकाने सांगत होता.

एक प्रश्न पाण्याचाच होता. त्याची कूपनलिका काळ्या खडकातली. पाणी कठीण, किटलीच्या बुडाशी पांढरा थर धरणारे. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या साबणासारख्या मध्यस्थाला धरतात आणि त्याची अविद्राव्य साय करून टाकतात. मग थेंब सांभाळायला कोणी उरत नाही आणि तेल वर येते. पाणी उडाले तरी क्षार मागेच राहतात, म्हणजे दर भरणीबरोबर टाकीतले पाणी अधिकाधिक कठीण होत जाते. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत साबणाच्या द्रावणाने कठीणपणा मोजण्याचा जुना प्रयोग आहे. त्याने आणलेली बाटली मी नववीच्या मुलांपुढे ठेवली. फेस धरीना तो धरीना! दुसऱ्या नळीत आम्ही शाळेच्या पन्हळीखाली धरून ठेवलेले पावसाचे पाणी घेतले होते. दोन-चार थेंबांत फेस उभा राहिला. दोन्ही नळ्यांकडे पाहून एका मुलीने विचारले, “सर, मग ते छपराचं पाणी का नाही साठवत?” तो प्रश्न मी जसाच्या तसा त्याला कळवला. यंदा त्याने छपराला पन्हळ लावली आहे आणि खाली दोन टाक्या.

दिवाळीनंतर पुन्हा टावर चौकात भेटला. हात बरे दिसत होते. बोटांच्या सांध्यांवर तेवढ्या काळसर रेघा राहिल्या आहेत. गेलेला मुलगा परत आलेला नाही. तो आता एका दुकानात गाठोडी उचलतो. लेथवर मिळत होते त्याच्या निम्म्या पैशांत. त्याच्या आईला भेटून आलो, असे हा म्हणाला, वही दाखवली का, असे मी विचारले, तर म्हणाला, “त्यांना वही कशी कळणार सर, मी नुसते हात दाखवले.”

मग त्याने निघता निघता जुन्या द्रवाचे सांगितले. तिन्ही यंत्रांच्या टाक्या धुऊन काढलेले दोनशे लिटर दुर्गंधी पाणी त्याने पिंपात भरून कारखान्याच्या मागे ठेवले आहे. आजूबाजूचे सगळे जण असले पाणी रात्री नाल्यात सोडतात. नाला शेवटी क्षिप्रेच्या दिशेनेच जातो. तेलकट कचरा घातक कचऱ्याच्या यादीत आहे आणि तो अधिकृत विल्हेवाट करणाऱ्याकडेच द्यायचा असतो, हे त्याने चौकशी करून घेतले. पण एवढ्याशा एका पिंपासाठी गाडी पाठवायला कोणी तयार होईना. आता तो शेजारच्या पाच-सहा कारखानदारांना विचारतो आहे, की सगळ्यांची पिंपे एकत्र करून एकच गाडी बोलवावी. दोघे हो म्हणाले आहेत. बाकीचे विचारतात, नाला फुकट असताना पैसे कशाला?